लॅबच्या पिल्लासाठी ड्राय फूड कोणतं घ्यावं? पिशवीवर नेमकं काय बघायचं?

रेवाकाठ

नमस्कार मंडळी. आमच्याकडे लॅबचं पिल्लू आलंय. मादी, दोन महिन्यांची, वजन पाच किलोच्या आसपास. लेकीने नाव ठेवलंय बुंदी. आम्ही इंदूरला सुदामानगरात दुसऱ्या मजल्यावर राहतो. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि सातवीतली मुलगी. आमच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा शिजत नाही, त्यामुळे चिकन उकडून घालायचा प्रश्नच येत नाही. ड्राय फूडला आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, परवानगी दिलीय, पण डबा गॅलरीतच राहील या अटीवर.

ज्यांच्याकडून आणली ते तिला सेरेलॅक आणि दूध-पोळी घालत होते. काल अन्नपूर्णा रोडवरच्या एका दुकानात गेले तर त्याने काउंटरवर पिशव्यांची रांगच मांडली. सगळ्यांवर एकच गोंडस पिल्लू आणि सगळ्याच 'प्रीमियम'. भाव किलोला दोनशेपासून नऊशेपर्यंत. शेवटी त्याने पोत्यातलं सुट्टं काढून दाखवलं, "मॅडम, सब यही ले जाते हैं." मी काहीच न घेता परत आले.

कोणती कंपनी हे तर सांगाच, पण बघायचं काय असतं ते आधी सांगा. आणि पाच किलोच्या पिल्लाला रोज किती घालायचं?

---

पोहेवाला_भिया

आधी बुंदीचा फोटू टाका, मग सल्ले मिळतील. धाग्याचा नियम आहे तो.

---

टिंग्याची_आई

अभिनंदन रेवाताई! आमचा टिंग्याही लॅबच, राजेंद्रनगरला असतो. थोडक्यात सांगते. पिशवी सीलबंद हवी, तिच्यावर 'पपी' लिहिलेलं हवं आणि शक्यतो 'लार्ज ब्रीड पपी'. 'ऑल ब्रीड' आणि 'ॲडल्ट' सध्या नको. पहिल्यांदा एक किंवा तीन किलोचीच घ्या. वीस किलोची स्वस्त पडते म्हणून भरून ठेवली आणि पिल्लाने तोंड फिरवलं की ती शेजारपाजारी वाटत बसावं लागतं.

दूध-पोळी आजच्या आज बंद करू नका. आठवडा-दहा दिवस घ्या. आधी चतुर्थांश नवं आणि बाकी जुनं, मग निम्मं-निम्मं, मग पाऊण, मग पूर्ण. दाणे कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवून द्या.

---

खवचट

हे सगळं बाजाराने लावलेलं वेड आहे. रामबागेतल्या आमच्या वाड्यात मोत्या होता. दूध-भाकरी, उरलेला वरणभात, सणाला पुरणपोळी. एकदाही डॉक्टर नाही, एकदाही पिशवी नाही. चांगला म्हातारा होऊन गेला. आता माणसाच्या पोराला मिळत नाही ते डीएचए, प्रोबायोटिक वगैरे कुत्र्याला पाहिजे म्हणे. (हलके घ्या.)

---

गुरांचा_डॉक्टर

महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलो, आयुष्य गायी-म्हशींत गेलं. निवृत्तीनंतर शेजारपाजारची कुत्री-मांजरंच जास्त बघतो, म्हणून लिहितोय.

खवचटराव, मोत्याला दूध-भाकरी मिळायची हे खरं, पण तो तेवढ्यावर जगला नाही. तो दिवसभर मोकळा असायचा. परसातले उंदीर, गोठ्यात पडलेली वार, खाटकाच्या दुकानामागची हाडं यांवर त्याने आपलं आपण भागवलं आणि घरात येऊन शहाण्यासारखी भाकरी खाल्ली. बुंदी दुसऱ्या मजल्यावर आहे. तिला वाटीत पडेल तेवढंच मिळणार, म्हणून त्या वाटीत सगळं असायला हवं. शिवाय त्या काळी एका वेतातली किती पिल्लं जगायची हे कोणी मोजत नव्हतं. जगला तो मोत्या आठवतो, बाकीची आठवत नाहीत.

दूध-पोळीने पोट भरतं, पण वाढत्या पिल्लाला लागणारी प्रथिनं, जस्त, तांबं, काही स्निग्धाम्लं त्यातून पुरेशी मिळत नाहीत. आईचं दूध सुटल्यावर दुधातली साखर पचवायची ताकदही कमी होत जाते, म्हणून पुष्कळ पिल्लांना दुधाने ढाळ लागते. सेरेलॅक माणसाच्या बाळाच्या हिशोबाने केलेलं असतं. पिल्लाची वाढ त्याहून कितीतरी वेगाने होते.

आता पिशवी. पुढची बाजू बघूच नका. 'प्रीमियम', 'होलिस्टिक', 'नॅचरल' यांतल्या कशानेही आतला माल ठरत नाही. पिशवी उलटी करा आणि आधी एक वाक्य शोधा, की हे खाणं वाढीच्या वयासाठी 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' आहे. अमेरिकेतल्या आफ्को या संस्थेची किंवा युरोपातल्या फेडियाफची मानकं पाळल्याचा उल्लेख पुष्कळ कंपन्या तिथेच करतात. आफ्कोच्या हिशोबात पाण्याचा अंश वगळून वाढत्या पिल्लाला किमान २२.५ टक्के प्रथिनं आणि ८.५ टक्के स्निग्धांश लागतो. मोठ्या कुत्र्याला हेच आकडे १८ आणि ५.५ आहेत. म्हणून 'ॲडल्ट' नको.

दुसरी गोष्ट कॅल्शियम, आणि लॅबसाठी ती पहिल्यापेक्षाही महत्त्वाची. मोठेपणी ३२ किलोच्या पुढे जाणाऱ्या जातींच्या पिल्लांना कॅल्शियम १.२ ते १.८ टक्क्यांच्या मध्ये हवं. लहान जातींना अडीच टक्क्यांपर्यंत चालतं. लॅबची मादी या सीमेवरच असते, पण मोठ्यांतच धरायची. कारण असं, की पहिल्या सहा महिन्यांत पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम नाकारता येत नाही. येईल ते बरंचसं आत घेतलं जातं आणि हाडांची घडण बिघडते, सांधे वाकडे होतात. फॉस्फरसचाही आकडा बघा. कॅल्शियम फॉस्फरसइतकं किंवा जास्तीत जास्त त्याच्या दुप्पट असावं. ज्या पिशवीवर हे दोन आकडेच नाहीत, ती मी लॅबच्या पिल्लासाठी घेणार नाही.

---

रसायनी

डॉक्टरकाकांना अनुमोदन. मी अन्नपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून आकड्यांबद्दल थोडं.

लेबलवर 'क्रूड प्रोटीन' असतं ते थेट प्रथिन मोजून आलेलं नसतं. नायट्रोजन मोजतात आणि ६.२५ ने गुणतात. तो नायट्रोजन कोंबडीच्या मांसातून आला, पिसांतून आला की आणखी कशातून, हे आकडा सांगत नाही. २००७ साली अमेरिकेत हेच घडलं. चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये, म्हणजे गव्हातल्या प्रथिनात, मेलामाइन हे प्लॅस्टिकसाठी वापरतात ते रसायन मिसळलेलं होतं. त्यात नायट्रोजन भरपूर, त्यामुळे कागदावर प्रथिनं छान दिसली आणि कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी झाली. तेव्हा प्रथिनांच्या आकड्याच्या जोडीला घटकांची यादीही वाचा.

यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, आणि वजन शिजवण्याच्या आधीचं. ताज्या चिकनमध्ये साधारण ७० टक्के पाणी. ते पहिल्या नंबरावर दिसलं म्हणून सुकल्यावरही पहिलंच राहील असं नाही. 'चिकन मील' म्हणजे पाणी आणि चरबी काढून केलेली पूड, ती ऐकायला बरी वाटत नाही पण तिच्यात वजनाच्या मानाने प्रथिनं जास्त असतात. आणखी एक खोड बघून ठेवा. मका, मक्याचं ग्लुटेन, मक्याचा कोंडा असे तीन तुकडे करून लिहिले की प्रत्येक खाली सरकतो आणि चिकन वर राहतं. तिन्ही मिळवले तर पहिला नंबर मक्याचाच. नुसतं 'मीट अँड मीट बायप्रॉडक्ट्स' असं मोघम लिहिण्यापेक्षा प्राण्याचं नाव लिहिलेलं बरं.

दोन पिशव्या शेजारी ठेवताना पाणी वजा करा. ओलावा १० टक्के आणि प्रथिनं २४ असतील तर २४ भागिले ९० म्हणजे २६.७ टक्के. ड्राय फूडमध्ये फरक थोडाच पडतो, पण डब्यातल्या ओल्या खाण्याशी तुलना करायची तर हे केल्याशिवाय काही कळत नाही.

---

श्वानसखा

मका-गहू म्हणजे निव्वळ भरती. कुत्रा लांडग्याच्या कुळातला, त्याला धान्य कशाला? ग्रेन-फ्रीच घ्या. महाग आहे, पण माझ्या जर्मन शेफर्डची कातडी चमकते.

---

गुरांचा_डॉक्टर

श्वानसखा, लांडगा चुलत भाऊ खरा, पण माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं काढल्यावर कुत्र्याचं पोट बदललंय. पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा पुष्कळ जास्त सापडतात, २०१३ साली हे संशोधन छापून आलं. नीट शिजलेलं धान्य कुत्रा उत्तम पचवतो. आणि धान्य नाही म्हणजे पिष्ट नाही असंही नाही. ग्रेन-फ्री पिशवीत त्या जागी वाटाणा, मसूर, बटाटा असतो. दाण्याला आकार द्यायला काहीतरी पिष्ट लागतंच.

२०१८ साली अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने अशा, विशेषतः डाळी-वाटाणा जास्त असलेल्या खाण्याचा आणि हृदयाचा स्नायू ताणून पातळ होण्याच्या आजाराचा काही संबंध आहे का याची चौकशी सुरू केली. ठाम कार्यकारण सिद्ध झालेलं नाही. पण ज्या पिल्लाला धान्याची ॲलर्जी असल्याचं कोणी निदान केलेलं नाही, त्याच्यासाठी जास्त पैसे देऊन ही शंका घरात आणायचं कारण मला दिसत नाही. खरी अन्न-ॲलर्जी झालीच तर ती बहुधा चिकन, बीफ, दूध अशा प्रथिनांचीच निघते. तुमच्या शेफर्डची चमक मी नाकारत नाही, ती बहुतेक त्यातल्या मासळीच्या तेलाची असेल. ते धान्यवाल्या पिशवीतही मिळतं. घटकांत मासळीचं तेल किंवा डीएचए (त्या तेलातलंच एक स्निग्धाम्ल) दिसलं तर पिल्लाच्या मेंदूला आणि डोळ्यांना चांगलंच.

---

लष्करवाला

ग्वाल्हेरहून. आमचं पिल्लू गल्लीतलं देशी आहे, त्यामुळे लार्ज ब्रीडची भानगड नाही. पण सुट्ट्या मालाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. इथे लष्कर भागातल्या एका दुकानातून पन्नीत बांधून आणत होतो. पोतं दाराशी, तोंड उघडं, आणि मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. एकदा डबा उघडला तर जुन्या तेलाच्या कढईचा वास. पिल्लाने हुंगून वाटी पायाने लोटली. दुकानदाराला विचारलं, पोत्यावरची तारीख दाखव, तर म्हणाला पोतं बदललंय!

---

रसायनी

लष्करवाला, पिल्लाचं नाक बरोबर होतं. दाण्यावर शेवटी तेलाचा फवारा मारलेला असतो. हवा आणि उष्णता लागली की ते खवट होतं आणि जीवनसत्त्व ई वगैरे खर्ची पडतं. दमट हवेत मक्या-शेंगदाण्यावर बुरशी धरली तर अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, त्याने यकृत जातं आणि ते उकळून-भाजूनही पुरतं जात नाही. सुट्ट्यात ना तारीख, ना बॅच नंबर, ना कोणतं खाणं याची खात्री. किलोमागे वाचणारे पैसे त्यापुढे काहीच नाहीत.

---

मांडवीकर

बडोद्याहून. आमचीही शाकाहारी कुंडली आहे आणि सोसायटीही तशीच. इथे व्हेज ड्राय फूड मिळतं. आमच्या आठ वर्षांच्या पामेरियनला तेच चालू आहे, ठणठणीत आहे. रेवाताईंनी तेच का घेऊ नये? आईंचीही अडचण राहणार नाही.

---

गुरांचा_डॉक्टर

वयाने मोठ्या कुत्र्याला नीट बेतलेलं शाकाहारी खाणं चालू शकतं. कुत्रा मांजरासारखा पक्का मांसाहारी नाही, हृदयाला लागणारं टॉरिनसुद्धा तो इतर अमिनो आम्लांपासून शरीरात बनवतो. मांजराला हे जमत नाही, त्यामुळे हा सल्ला कोणी मांजराला लावू नका. पण मोठ्या जातीच्या पिल्लाच्या वाढीत प्रयोगाला जागा फार थोडी असते. व्हेज पिशव्यांपैकी बऱ्याच 'ॲडल्ट'साठीच असतात, मागे वाचा. पहिलं दीड वर्ष चिकनवालं घाला, पुढचं पुढे बघू. डबा गॅलरीत ठेवायची अट मला तरी फार योग्य तोडगा वाटतो.

---

रेवाकाठ

सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. काही प्रश्न अजून आहेत.

दुकानदाराने पिशवीबरोबर कॅल्शियमचं सिरप घ्यायला सांगितलं, "लॅब है, हड्डी मजबूत होगी". घ्यावं का? किती घालायचं हे अजून नीट कळलेलं नाही, पिशव्यांवरचे तक्ते एकमेकांशी जुळत नाहीत. आणि तिसरी अडचण नाजूक आहे. नाना, म्हणजे माझे सासरे, सकाळी पोहे खाताना ती समोर बसली की शेव टाकतात. इंदूरचं घर, पोह्यांवर जीरावन, वरून कच्चा कांदा. मी काही बोलले की म्हणतात, "तिच्याकडे बघ, कशी बघतेय." काय करू?

---

गुरांचा_डॉक्टर

सिरप नको. वर लिहिलं ते सगळं त्यासाठीच. पिशवीत कॅल्शियम मोजून घातलेलं आहे, त्यावर सिरप ओतलं की मोजमापच मोडतं. नुसत्या मांसावर वाढणाऱ्या पिल्लात कॅल्शियम कमी पडून हाडं मऊ होतात, त्यांची गोष्ट वेगळी. तिथेही मात्रा डॉक्टरने ठरवायची, दुकानदाराने नाही.

किती घालायचं ते हिशोबाने काढू. किलोतल्या वजनाचा ०.७५ वा घात काढून ७० ने गुणायचं. ही झाली स्वस्थ पडून असताना लागणारी ऊर्जा. चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला तिच्या तिप्पट लागते, नंतर दुप्पट. पाच किलोला ७० गुणिले ३.३४ म्हणजे २३४, त्याची तिप्पट साधारण ७०० किलोकॅलरी. पिशवीवर १०० ग्रॅममधल्या कॅलरी दिलेल्या असतील तर भागा, झालं. नसतील तर रसायनीबाई सांगतील.

हे रोजचं एकूण, चार वेळांत वाटून. तीन महिन्यांनंतर तीन वेळा, सहा महिन्यांनंतर दोन वेळा. वाटीने मोजू नका, स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घ्या. आणि आकडा हा फक्त आरंभ आहे, खरं माप बुंदीच्या अंगावर आहे. बरगड्यांवरून हात फिरवा. दाबावं न लागता हाताला लागल्या पाहिजेत, पण डोळ्यांना उठून दिसता कामा नयेत. वरून बघितलं तर कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. आपल्याकडे गुबगुबीत लॅब म्हणजे चांगली जोपासलेली असा समज आहे, तो काढून टाका. लॅबच्याच ४८ पिल्लांच्या जोड्या लावून त्यांना आयुष्यभर पाहिलं गेलं. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव भाग कमी खाणं. २००२ साली निष्कर्ष आले. कमी खाणारी सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखायला लागले.

आता नाना. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. कच्चा, शिजलेला, वाळवून पूड केलेला, सगळाच वाईट. लसणाची शेव तर घरोघरी असते. साध्या शेवेतही मीठ, तिखट, तेल. त्याच यादीत द्राक्षं-मनुका, चॉकलेट आणि शुगर-फ्री च्युइंगममधलं झायलिटॉल. म्हणजे प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेसुद्धा. पण नानांना 'देऊ नका' सांगून उपयोग नाही, मीही नातवंडांचा आजोबा आहे. सकाळच्या मोजलेल्या दाण्यांतले वीस-पंचवीस दाणे एका छोट्या डबीत घालून त्यांच्या ताटाशेजारी ठेवा. द्यायचं सुख त्यांचं, हिशोब तुमचा.

---

पोहेवाला_भिया

डॉक्टरसाब, नानांची डबी आयडिया एकदम झक्कास! आमच्या बाबूजींना पण लागू करतो. त्यांनी आमच्या पग कुत्र्याला जलेबी शिकवलीय.

---

रसायनी

कॅलरी काढायची रीत. आधी कर्बोदकं काढा. शंभरातून प्रथिनं, स्निग्धांश, तंतू, राख (म्हणजे खनिजं) आणि ओलावा वजा. राख लिहिलेली नसेल तर ८ धरा. समजा पिशवीवर प्रथिनं २८, स्निग्धांश १४, तंतू ४, ओलावा १० आहे. राख ८ धरली तर कर्बोदकं उरली ३६. प्रथिनं आणि कर्बोदकं प्रत्येक ग्रॅमला साडेतीन किलोकॅलरी, स्निग्धांशाला साडेआठ. म्हणजे ९८ अधिक ११९ अधिक १२६, १०० ग्रॅममध्ये एकूण ३४३. बुंदीच्या ७०० ला भागा, साधारण २०५ ग्रॅम रोज.

---

खवचट

मग ते नेहमीचं ऐकतो ते खरं का, की महागाचं कमी लागतं म्हणून शेवटी तेवढंच पडतं? दुकानदार मंडळींचा आवडता श्लोक आहे तो.

---

रसायनी

अर्धाच खरा. स्वस्त पिशवी धरा, प्रथिनं २४, स्निग्धांश १०, तंतू ५, राख ९, ओलावा १२. ती भरते १०० ग्रॅमला ३०९ किलोकॅलरी. म्हणजे २२७ ग्रॅम लागेल. ही ३०० रुपये किलो असेल तर रोजचे ६८ रुपये. वरची ६०० रुपये किलो असेल तर २०५ ग्रॅमचे १२३. पचनातला फरक धरून अंतर आणखी थोडं कमी होईल, पण तेवढंच नक्की पडत नाही. जास्त पैसे द्यायचे तर कशाचे देतोय हे बघून द्यावेत. पिशवीवर कॅल्शियमसकट सगळे आकडे, कॅलरी, तारीख, बॅच आणि विचारलं तर उत्तर देणारी कंपनी असेल तर मी देईन. पिल्लाच्या फोटोचे देणार नाही.

आणि हिशोब करताना पुढचाही करा. चौदा किलोची झाली की ती रोज तीनशे ग्रॅमच्या आसपास खाईल, म्हणजे महिन्याला नऊ किलो. पहिल्या महिन्यात परवडलं म्हणून घेतलं आणि मग मध्येच खाणं बदललं, असं नको व्हायला.

---

टिंग्याची_आई

नावं कोणीच लिहीत नाहीये म्हणून मी लिहिते. आपल्याकडे सहज मिळणाऱ्यांत पेडिग्री आणि रॉयल कॅनिन दोन्ही मार्स कंपनीच्या, रॉयल कॅनिन मुळात फ्रान्समध्ये १९६८ साली एका पशुवैद्याने सुरू केलेली. प्युरिना नेस्लेची. फार्मिना इटलीची. ड्रूल्स आपल्या शेजारची, छत्तीसगडमधल्या राजनांदगावची. पण एकाच कंपनीच्या चार-चार श्रेणी असतात आणि त्यांचं लेबल एकमेकांशी अजिबात जुळत नाही, त्यामुळे 'अमुक कंपनी चांगली' हे वाक्य अर्धवटच. रॉयल कॅनिनचं लॅब पिल्लांसाठी वेगळंही येतं, टिंग्याला ते होतं. दाणा मोठा असतो, त्यामुळे गिळण्याआधी चावावं लागतं. लॅब चावते कुठे एरवी!

---

रेवाकाठ

डॉक्टरकाका, तातडीचं. पिशवी आणली, निम्मं-निम्मं पर्यंत पोचलो आणि काल रात्रीपासून पोट ढिलं झालंय. खाणं मानवलं नाही का? बदलू?

---

गुरांचा_डॉक्टर

खाण्याचं नंतर. आधी सांगा, लस कोणती आणि कधी झाली? उलटी आहे का? खेळतेय की कोपऱ्यात पडलीय? शी रक्ताळ किंवा फार घाण वासाची आहे का? अर्धवट लसीच्या पिल्लाला ढाळ लागली की पहिली शंका पार्व्होची, म्हणजे त्या जीवघेण्या विषाणूच्या आजाराचीच घ्यायची, खाण्याला दोष देत घरी बसायचं नाही. यातलं एकही 'हो' असेल तर आत्ता निघा. नसेल तरी आज दाखवा आणि शी डबीत घालून न्या.

---

रेवाकाठ

दाखवून आणलं. खेळतेय, उलटी नाही, पहिली लस झालेली होती. शी तपासली तर जंत निघाले! जंताचं औषध दिलंय, दोन आठवड्यांनी पुन्हा द्यायचं आहे. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की खाण्याचं प्रमाण निम्म्यावरच दोन-तीन दिवस थांबवा, मग पुढे सरका. हुश्श.

---

गुरांचा_डॉक्टर

छान. बारा आठवड्यांपर्यंत दर पंधरवड्याला, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला, वजनाप्रमाणे. इतकी पिल्लं 'खाणं मानवत नाही' म्हणून या पिशवीवरून त्या पिशवीवर जात राहतात आणि जंताचं औषध मात्र राहून गेलेलं असतं.

---

रेवाकाठ

अपडेट. पूर्ण नव्या खाण्यावर आलीय. शी घट्ट, दिवसाला तीन-चारदा, उचलायला सोपी (या शहरात उचलावीच लागते, नाहीतर शेजारीच फोटो काढतात). मधल्या भावातली, लार्ज ब्रीड पपी लिहिलेली, कॅल्शियम १.३ टक्के आणि फॉस्फरस १.१ अशी घेतली. दुकानदारासमोर उभं राहून मोबाइलवर भागाकार केला, तो बघतच राहिला. मग म्हणाला, "मॅडम आप टीचर हो क्या?"

नानांची डबी चालू आहे. पण आता ते दाणे आधी स्वतः हुंगून बघतात आणि म्हणतात, "हे काय खायचं?" मग तिला देतात.

---

खवचट

कंपनीचं नाव?

---

रेवाकाठ

मुद्दाम लिहीत नाही, खवचटराव. उद्या कोणीतरी पामेरियनच्या पिल्लाला तेच आणेल. वर टिंग्याच्या आईंनी नावं दिलीत, पिशवी उलटी करा आणि भागाकार करा.

---

मांडवीकर

पावसाळ्याचं कोणी सांगेल का? आमच्याकडे जुलैत मीठसुद्धा वाहतं. दाणे प्लॅस्टिकच्या डब्यात ओतून ठेवतो, तरी मऊ पडतात.

---

रसायनी

ओतू नका. मूळ पिशवी आतून चरबी आणि हवा अडवणारी असते, ती पिशवीच हवाबंद डब्यात उभी ठेवा, तोंड गुंडाळून चिमटा लावून. डब्यात ओतलं की तळाशी जुन्या तेलाचा थर राहतो आणि नवा माल त्याच्यावर पडतो. शिवाय पिशवी फेकली की बॅच नंबर आणि तारीखही गेली. उघडल्यापासून साधारण सहा आठवड्यांत संपेल एवढीच पिशवी घ्यायची, पावसाळ्यात त्याहून छोटी. मऊ पडलेले दाणे उन्हात वाळवून परत घालू नका, टाकून द्या. भिजवलेलं उरलं तर तासाभरात उचला.

---

लष्करवाला

शेवटचं विचारतो. पपीवरून ॲडल्टवर कधी न्यायचं? आमचा देशी आता दहा महिन्यांचा आहे, अंगाने भरलाय.

---

गुरांचा_डॉक्टर

छोट्या जाती नऊ ते बारा महिन्यांत, लॅबसारख्या बारा ते अठरा महिन्यांत, आणि तुमच्यासारखा मध्यम अंगाचा देशी वर्षाच्या आसपास. नसबंदी झाली असेल तर कॅलरी त्याआधीच थोड्या कमी कराव्या लागतात. बदल मात्र याच रीतीने, पाव-पाव करत आठवडा-दहा दिवसांत.